सात ते नऊ

सहा पन्नासला मी जिना चढते,
गंगापूर रोडचा, झेरॉक्सच्या दुकानावरचा.
फिरोज आधीच आलेला असतो
आणि त्याने पंखा बंद केलेला असतो,
कारण आमचा पंखा गाणाऱ्यांपेक्षा जास्त गातो.
भिंतींवर अंड्यांचे ट्रे,
त्यांच्या खळग्यांत चार वर्षांचं बोलणं धूळ होऊन बसलेलं.

लाल दिवा.
नमस्कार नाशिक, म्हणते मी.
शहर काहीच म्हणत नाही.
ते दात घासत असतं.

एक बासरी लावतो. मग फोन.
सातपूरहून, तिसरी पाळी सुटलेला कुणी:
‘ताई, झोपायच्या आधी ढोलकीचं काहीतरी लावा.’
ढोलकीवर झोप येते?
‘मशीन थांबल्यावर शांततेत येत नाही.’
रामकुंडावर झेंडू विकणाऱ्या सगुणाबाई
फोन लावतात आणि गिऱ्हाईक आलं की विसरतात,
मग अर्धा मिनिट अख्ख्या शहराला
घंटा, पाणी, कुणाचा तरी खोकला
आणि ‘दहाला दोन, दहाला दोन.’
कापू का, फिरोज खुणेने विचारतो.
राहू दे.
द्वारकेला अडकलेला रिक्षावाला
रोज एकच सांगतो, द्वारकेला अडकलोय.
हे आमचं वाहतुकीचं बातमीपत्र.

आजच्या पाहुण्या लीलाताई बोरस्ते, जेल रोड.
नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं.
कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये आल्याच्या वड्या.
माइककडे अशा बघतात,
जणू कुणी तो सही करायला पुढे केलाय.
मी प्रश्न लिहून आणलेले, अकरा.
एवढा पैसा रोज हाताखालून जायचा, काय वाटायचं?
‘पैसा कुठला, बाई. ताव यायचे.
शाई फुटलीय, आकडा सरकलाय, रेघ तुटलीय,
तेवढी खूण करायची पेन्सिलीनं.
चांगली नोट मला कधी दिसलीच नाही.
ती नजरेखालून निघून जायची.
दिसायची ती चुकलेली.’

आणि थांबल्या.
आम्ही सहा सेकंद गप्प राहिलो
की यंत्राला वाटतं, मेले हे,
आणि ते आपणहून
पाण्याच्या टाक्यांची जाहिरात सुरू करतं.
चार.
पाच.
‘घरीसुद्धा तेच,’ त्या म्हणाल्या.
‘मुलाची वही, यांचा सदरा, सुनेची पोळी.
रिटायर होऊन सहा महिने झाले, तेव्हा सून म्हणाली,
आई, पेन्सिल ठेवा आता खाली.’
मग इतक्या हसल्या
की काटा लाल पट्ट्यात गेला.

आठ चाळीसला माझं चिंतन, दोन मिनिटं.
रात्री लिहिलेलं. त्यात वाहत्या पाण्याचा दाखला होता,
नाशकात तो फुकट मिळतो.
कागद समोर होता, वाचला नाही.
म्हणाले, जे फोन करतात त्यांचे आवाज मला पाठ आहेत.
जे करत नाहीत,
डबा भरता भरता ऐकतात, बटण बंद करून कामाला जातात,
त्यांच्याबद्दल मला…
पुढचं वाक्य येईना.
दोन.
तीन.
लीलाताई माझ्याकडे बघत होत्या, पेन्सिलीशिवाय.
चार.
पाच.

फिरोजने पंखा लावला.

खडखड, खडखड,
सिडकोत, पंचवटीत, मेरीच्या वसाहतीत.
यंत्राला वाटलं, आहेत, जिवंत आहेत.
मी ढोलकी लावली.

ती वाजत असतानाच फोन आला, अनोळखी नंबर.
‘मखमलाबाद नाक्यावरून काठे बोलतोय.
पहिल्या दिवसापासून ऐकतो, फोन कधी केला नाही.
तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, ताई.
साडेनऊला येऊ का?’

काचेपलीकडे फिरोज हसत सुटलेला.
लीलाताईंनी एक वडी माझ्यापुढे सरकवली
आणि बोटाने टेबलावर
बारीकशी खूण केली.