अठ्ठ्याऐंशी ते नव्वद

सात मजली दुकानातून मी रिकाम्या हाताने बाहेर पडले.
तिथे पासपोर्ट दाखवला की कर माफ होतो,
आणि जाहिरातीची एकच धून दर चार मिनिटांनी
पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.
वहिनीने सांगितलेला भाताचा कुकर
दोनदा उचलून खाली ठेवला.
शंभर व्होल्टचा. आपल्याकडे लावला तर
भाताआधी तोच शिजायचा.

निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत निशिवाकींचं दुकान,
दोन पावलांत संपेल एवढं रुंद.
जुने कॅमेरे, पाठ उघडी पडलेले टेप,
बिस्किटांच्या डब्यांत निवडून ठेवलेले स्क्रू.
काचेमागे एक रेडिओ. करडा,
कोपऱ्यावरचा रंग कुणाच्या तरी अंगठ्याने नेलेला.
अठराशे येन. मी पाकीट काढलं.

त्यांनी दोन्ही हातांची छातीपुढे फुली केली.
दामे.

मला वाटलं, विकायचा नाही.
मग वाटलं, मला विकायचा नाही.
आतून नात आली, चिहारू, पेन्सिल कानामागे खोचलेली,
शाळेतलं इंग्रजी जुळवत म्हणाली,
"आजोबा विचारतात, हा कुठे राहायला जाणार?"

राहायला.
मी देशाचं नाव सांगितलं.
त्यांनी बिलाच्या पाठीवर आडवी रेघ ओढली,
या टोकाला ७६, त्या टोकाला ९०.
एवढंच ऐकू येतं याला. काटा पुढे सरकत नाही.
मग पेन माझ्या हातात दिलं.
फोनवर शोधून मी खाली माझी रेघ ओढली, ८८ ते १०८.
इतकी वर्षं ऐकत आले,
आकडे कधी पाहिले नव्हते.

चहा आला. गिऱ्हाईक दुसरं नव्हतंच.
निशिवाकी बोलत राहिले आणि चिहारू
अडत, थांबत, मध्येच हसत सांगत राहिली:
आजी सेंदाईची. तिकडे वीज
सेकंदाला पन्नास वेळा थरथरते, इकडे ओसाकात साठ वेळा.
लग्नानंतर ती आपला रेकॉर्ड प्लेयर घेऊन आली
आणि इकडे लावला तर तिचा आवडता गायक
शाळकरी पोरासारखा चिरकायला लागला, घाईघाईत,
गाडी चुकत असल्यासारखा.
आतली पुली बदलली की झालं.
निशिवाकींचा धंदाच तो.
पण तिने वर्षभर हात लावू दिला नाही.
रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवून बसायची,
गाणं तिच्या गावच्या वेगाला येईपर्यंत.

"मग?" मी विचारलं.
चिहारूने आजोबांना विचारलं. आजोबांनी खांदे उडवले.
"मग बाबा जन्मले. वेळ नाही राहिला.
पुली बदलली."

त्यांनी चष्मा वर सारला, पेन्सिल मागून घेतली,
आणि दोन्ही रेघा जिथे एकमेकींच्या अंगावर येतात
तेवढाच तुकडा काळा केला.
अठ्ठ्याऐंशी ते नव्वद.
माझ्या करंगळीएवढाही नाही.
"इथे तुमच्याकडे कुणी बोलतं का?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
हे उत्तर त्यांना पटलं असावं,
कारण त्यांनी रेडिओ काचेमागून काढला,
फुंकर मारून दोन सेल घातले,
खरखर ऐकवली, बंद केला.
किंमत एक येनही कमी केली नाही.
वॉरंटी नाही, हे चिहारूने दोनदा सांगितलं.
बिलाच्या पाठीवरच पत्ता लिहून दिला,
तिथलं कुणी बोललं तर कळवा म्हणून.

रात्री हॉटेलात दिवा मालवून काटा टोकापर्यंत नेला.
अठ्ठ्याऐंशीच्या जरा पुढे एक बाई संथपणे
काहीतरी वाचत होती. हवामान असेल,
किंवा उद्याच्या गाड्यांच्या वेळा.
एक शब्दही कळला नाही,
तरी सेल संपतील या भीतीनेच बंद केला.

सकाळी त्याला लोकरी मोज्यात घालून बॅगेत ठेवलं,
कुकरसाठी राखलेल्या जागेत.
वहिनीला काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.