हजेरी

वडणग्याचा गवंडी सांगून गेलाय: नऊशे रुपये हजेरी,
हाताखालची बाई वेगळी, चहा दोनदा.
मी लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडते:
न्हाणीमागची ओल, परसातली खचलेली फरशी,
आणि शेवगा, जो शेलारांच्या पत्र्यावर
गेल्या आषाढापासून रेलून बसलाय.

"नऊशे? त्यात लक्ष्मीपुरीतनं
थापी, ओळंबा, सगळं येतंय," हे म्हणतात.
येतंय की.
मागच्या वेळी आणलेलं अजून माळ्यावर आहे,
सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

शिरोलीच्या फौंड्रीत चौतीस वर्षं
साचे भरलेले हात.
त्यांना वाळूचं प्रमाण कुणी शिकवायचं?
पण काल शिडीच्या तिसऱ्या पायरीवर
हे थांबले. वर बघितलं. मग खाली.
"उद्या करूया," म्हणाले,
आणि कोयता मांडीवर ठेवूनच चहा प्याले.

मी काही बोलले नाही.
रात्री फोन लावला. "बुधवारी या."
"मालकांचं काय?"
"मालक देखरेख करतील."

बुधवारी सातलाच अंघोळ उरकून,
फौंड्रीतली खाकी घालून
हे परसात खुर्ची टाकून बसलेले.
मिस्त्रीनं ओळंबा सोडला,
वाफ्याच्या वाकड्या कडेकडं बघत विचारलं,
"हे कुणी बांधलंय? पाडू?"

मी तोंड उघडायच्या आत
हे म्हणाले, "त्याला हात लावू नको.
आत पुदिना आहे."

पुदिना दिवाळीतच जळून गेलाय.
मी पहिला चहा टाकायला आत गेले.