टिचकी

मंगळवारी उठलो तेव्हा
पंखा फिरत होता, नुसताच.
कानात एक शिट्टी,
कुकरची म्हणावी तर गॅस बंद.

भांडी बाजारात एकतीस वर्षं
टिचकी मारून सांगत आलो:
हा हंडा घ्या, तो बद्द वाजतो.
आता गिऱ्हाईक हसतं, मीही हसतो.
दोघं कोपऱ्यात बोलली
की वाटतं, माझ्यावरच.
रविवार कारंज्याला रिक्षा घासून गेली,
मग तिचा हॉर्न आठवला.

परवा हेमलतेवर ओरडलो म्हणे.
तिनं बिलाच्या पाठीवर लिहिलं,
‘हळू. मी इथेच आहे.’
कागद गल्ल्यात ठेवलाय.

आज शटर ओढण्याआधी
तांब्या छातीशी धरून टिचकी मारली.
बरगडीत काहीतरी हललं.
नाद म्हणवत नाही त्याला.

पुन्हा मारली.