नाव बदलले आहे

बातमी लिहून झाली तेव्हा
वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा दिवा लागला होता.
मग खोडायला बसलो.

आधी गाव खोडलं.
मग खाडी, कारण त्या खाडीच्या काठाला
काजूची शेड एकच.
गालावरचा तीळ खोडला.
"बाप ट्रॉलरवर गेला, तो मालप्याहून
परतलाच नाही" हे वाक्य
मला फार आवडलं होतं.
तेच पहिलं जायला हवं होतं:
अशा बापाची मुलगी
वाडीत दुसरी नाही.

फोटो होता. चांगला आला होता, हीच पंचाईत.
कौलांच्या फटीतून उजेड,
आणि ती बघतेय सरळ माझ्याकडे.
परुळेकर फोनवर म्हणाले,
चेहरा दे रे, चेहऱ्याशिवाय वाचतो कोण?
फार तर डोळ्यांवर काळी पट्टी मारू.

काळी पट्टी.
म्हणजे चोरी तिनेच केली.

मी हात पाठवले.
चिकाने सोलवटलेली, राख चोळलेली दहा बोटं.
रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही;
दुकानदार म्हणतो, पूस आणि परत ठेव.
ती पुसते. परत ठेवते.

वय तिने बारा सांगितलं,
मुकादमाने सोळा.
शाळेच्या दाखल्यावर अकरा वर्षं सात महिने.
दाखला बघायला दोन फेऱ्या पडल्या,
पेट्रोल माझं.

तिच्या आईला विचारलं, छापू?
छापा म्हणाली. मग नको म्हणाली.
मग चहा ठेवला.
चुलीत काजूची टरफलं तडतडत होती.
"शेड बंद पडली तर आमी खावचा काय?"
मी तो प्रश्न बातमीत शेवटी घातला.
जागा कमी पडली की कात्री
शेवटापासूनच चालते.

मुलगी मात्र गेटपर्यंत मागे आली.
"पेपरात माझा नाव येतला?"
नाही, बदलणार.
"कित्याक? मी काय केलंय?"

सांगितलं. मुकादम, शेजारी, उद्याचा दिवस,
आणि पुढची वीस वर्षं.
तिने सगळं ऐकून घेतलं,
नखातली राख कोरत.
"मग नवा नाव मी सांगतलंय."
आणि सांगितलं, लगेच,
जणू कधीचं तयार होतं.

डेस्कवर ते बदललं.
आमच्याकडे अशा मुलीचं नाव
गेली नऊ वर्षं छाया असतं.

बातमी अकरा सेंटीमीटर.
तपासणीची जीप आली, तेव्हा शेडमध्ये
फक्त मोठी माणसं बसली होती.
पुढच्या आठवड्यात
कुंपणाची भिंत दोन हात वर गेली.

तिचं ते नाव माझ्या वहीत आहे.
इथेही लिहीत नाही.
फोटो अजून फोनमध्ये आहे,
पुसलेला नाही, आणि का
ते विचारू नका.

परवा आठवडा बाजारात, कुठल्या ते सोडा,
ती दिसली. सुक्या बांगड्यांच्या पुडीचा कागद
उलगडून वाचत होती, ओळीवर बोट ठेवून.
आमचाच पेपर. तीच तारीख.
मला बघून म्हणाली,
"ही छाया खंयची ओ?
हिका शाळेत घातल्यानी काय?"