हनु

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात अकरा बांबू आहेत,
एकेका पूजेचा एकेक. टोकाला लाल झेंडी.
जुन्या झेंड्या ऊन खाऊन गुलाबी झाल्यात,
सगळ्यात जुनीची तर नुसती दोरी उरलीय;
वारा आला की तीही आपलं काम करते.

त्रिनिदादच्या या भागात पत्ता असाच सांगतात :
टायरचं दुकान, मग नाला, मग लाल झेंड्या,
तेच बलकरनचं घर.
बलकरन म्हणजे माझे पा.
तीस वर्षं साखर कारखान्यात क्रेन चालवली.
म्हणायचे, त्याला बिचाऱ्याला मुळी ओळखता येईना
म्हणून आख्खा डोंगर उचलला.
मला ऊस चांगला ओळखता येतो,
तरी रोज डोंगरच उचलतोय.
कारखाना बंद पडला. क्रेन गंजली.
विनोद तेवढा चालू राहिला.

मग ऑगस्टातल्या एका मंगळवारी
रोटाचं पीठ मळता मळता
त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं
आणि शब्द गेले.
सगळे नाही. आधी माझं नाव,
रजमतिया, शाळेत कुणालाच न जमलेलं,
मग मीठ, खिडकी, बुधवार.
इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
शब्द आत आहेत. वाट बुजलीय.

पंडित सूरजबलींना कुणी बोलावलं नव्हतं, ते आले.
खुर्ची ओढली आणि तीच गोष्ट काढली
जिचा मला लहानपणापासून कंटाळा :
पोराला भूक लागली, सूर्य फळ वाटला,
झेपावलं, इंद्राने वज्र हाणलं,
हनुवटी मोडली.
"नाव बघ त्याचं," पंडित म्हणाले.
"समुद्र ओलांडला, त्यावरून नाही पडलं.
लंका जाळली, त्यावरूनही नाही.
जिथे मोडला, तिथलं नाव."
मी पांच्या तोंडाकडे बघितलं नाही.
चहा ठेवायला उठले.

रात्री उरलेली गोष्ट माझी मलाच आठवली.
किनाऱ्यावर वानरं आपापल्या उडीचं माप सांगत होती,
दहा योजनं, वीस, नव्वद,
आणि हा एका बाजूला गप्प.
शाप होता : स्वतःचं बळ विसरशील,
कुणी आठवण देईपर्यंत.
म्हाताऱ्या अस्वलाला उठून जवळ जावं लागलं.

आमचा पणजाही समुद्र ओलांडूनच आला होता,
जहाजाच्या पोटात, पाच वर्षांच्या करारावर.
परतीची उडी त्याला कुणी आठवून दिली नाही.
उसाच्या बांधावर त्याने पहिला बांबू रोवला,
मला वाटतं, परत कुणी शोधत आलंच
तर घर सापडावं म्हणून.

तर मी अस्वल झाले.
रोज संध्याकाळी कामावरून येऊन, चपलाही न काढता :
पा, पुरात तुम्ही ग्लोरियाबाईंचा फ्रिज
खांद्यावरून नेला होता, आतल्या माशांसकट.
पा, संपात तुम्ही गेटवर चढून चालिसा म्हटली
आणि मॅनेजर टोपी काढून उभा राहिला.
पा, मला सायकल तुम्ही शिकवलीत,
आणि सोडून दिलंय हे सांगितलंच नाहीत.
ते खिडकीबाहेर बघत.
कधी माझंही खोटं ठरे. फ्रिज बहुतेक रिकामा होता.

डिसेंबरात बारावा बांबू.
भाचा केर्विनने खड्डा खणला,
बुंध्याला शेंदूर, मुळाशी जास्वंद, वर नवी झेंडी
इतकी लाल की शेजारचा कुत्रा भुंकला.
शंख वाजला. आम्ही हात जोडले.
आणि खुर्चीतून आवाज आला :
"वाकडा."

सगळे गप्प. मावशी रडायलाच लागली,
तिला वाटलं, स्वतःच्या तोंडाबद्दल म्हणतायत.
पांनी डावा हात उचलला, क्रेनसारखा, सावकाश,
आणि बांबूकडे रोखला.

बांबू वाकडा होताच.
केर्विनने पुन्हा उपटला, पुन्हा रोवला,
पा बोटाने सांगत होते, इकडे, अजून, बस.
मग रोट वाटला.
त्यांनी तो डाव्या गालात धरून चावला,
खूप वेळ लावून.
घाई कुणालाच नव्हती.
समुद्र जिथे होता तिथेच होता.