काळी तार

रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात
कुलुपंवाला आणि पोपटांचे पिंजरे विकणारी
यांच्या मधे माझं टेबल असतं.
मल्टिमीटर, सोल्डरची रीळ, कडू येर्बाचा थर्मास,
आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: विचारा. पैसे नाहीत.

पहिला येतो तो जळका एलईडी घेऊन.
नऊ व्होल्टची बॅटरी? हो.
रेझिस्टर? घरात नव्हता.
आता एलईडीही नाही, मी म्हणते.
दोन व्होल्ट दिव्याचे, सात उरले,
वीस मिलिअँपिअरने भाग. साडेतीनशे.
तेवढ्याचा मिळत नाही, तीनशे नव्वदचा घे.
नारिंगी, पांढरा, तपकिरी.
उजेड जरा कमी पडेल. पडू दे.

मग बेकरीवाला दोमिंगेस:
पंखा लागला की ओव्हनचं घड्याळ
पुन्हा शून्यापासून मोजतं.
घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच दिसतं.
कपॅसिटर आहे, पण चिपपासून वीतभर लांब.
पायाशी लाव रे, अगदी पायाशी,
तहान लागल्यावर कुठे विहीर शोधेल ती?

दोन जुळी भाऊ, कुजबुजत:
हात नुसता जवळ नेला तरी दिवा लागतो. भूत आहे.
भूत नाही. मोकळी सोडलेली पिन आहे.
कुणी धरलेलं नसलं की ती सगळ्यांचंच ऐकते.
दहा किलोओहमने वर बांधा.
घट्ट नको.
बटण दाबलं तर सुटता यावं, इतकंच.

शेवटी ऐलेन, पिंजरेवालीची नात.
काळी तार कुठे लावायची?
जमिनीला, मी म्हणाले,
आणि तिने वाकून ती फरशीला टेकवली.

हसले. मग सांगितलं:
जमीन म्हणजे आपण जिला शून्य म्हणायचं ठरवतो ती जागा.
कोण ठरवतं?
मोजणारा.
आणि चुकीची ठरवली तर?
सर्किटाला काही होत नाही. आकडे तेवढे बदलतात.

माझा भाऊ एर्मेस, चौऱ्याहत्तर साली माल्म्योला गेलेला,
पत्रात लिहायचा: ब्रेड इथल्यापेक्षा गोड,
रात्र इथल्यापेक्षा लांब.
'इथल्या' म्हणजे मोंतेविदेओतल्या.
तेहतीस वर्षं.
हे मी तिला सांगितलं नाही.

उणे नऊ! ती ओरडली,
पोपट दचकले.
तारा उलट्या लागल्यात, मी म्हणाले,
बदल. नाही, थांब,
आधी लिहून ठेव.