हलू नका

तीस वर्षं गंगावेशीत
लोकांच्या हनुवट्या खाली घेतल्या मी.
जरा डावीकडं. कान दिसू देत. हलू नका.
पासपोर्टचे आठ, शाळेचे चार,
आणि गेलेल्या माणसांचे मोठे, हार मावेल असे.

मार्गशीर्षात शटर ओढलं. खडूनं लिहिलं: दोन दिवस बंद.
भाच्याची उसनी लांबलचक लेन्स
टॉवेलात गुंडाळून भडंगाच्या पिशवीत खुपसली
आणि काळम्मावाडीच्या फुगवट्याला गेलो
दस्तगीरबरोबर. त्याचं सामान: दोन गळ, एक जाळं,
कणकेचा गोळा, दिवसभर न बोलण्याची तयारी.

पाण्यातून वाळकी झाडं वर आलेली,
धरणाआधी कुणाच्या तरी बांधावरची.
टोकांवर पाणकावळे पंख पसरून,
दोरीवर सदरे घातल्यासारखे.
पहिल्या तासात दोनशे फोटो काढले.
घार अर्धीच आली. खंड्याची नुसती निळी रेघ.
टिटवी ओरडली तिथं चौकटीत दगड.
एक राखी बगळा तेवढा
न सांगता मान वळवून उभा राहिला,
हनुवटी अचूक.
आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक
ज्याला काही शिकवावं लागलं नाही.
सवयीनं म्हणून गेलो, झालं हं, छान.
तो उडाला.

तिन्हीसांजेला ऊद आला. जाळ्याची कड दातांनी वर केली,
दस्तगीरचा कटला उचलला, खडकावर बसून
डोक्याकडून खायला लागला, आपल्या घरचा असल्यासारखा.
मी तेव्हा बॅटरी बदलत होतो.
दस्तगीर म्हणाला, "त्याचा वाटा."
एवढंच. मग उरलेल्या मरळीला हळद-मीठ लावत बसला.

रात्री गव्यासाठी जागलो.
तंबूच्या फटीतून लेन्स बाहेर, मी आत,
गुडघ्यात पोटाशी धरलेली थंडी.
पाण्यात काहीतरी डुबुक झालं. कारवीत काहीतरी मोडलं.
अंधाराचे अकरा फोटो आहेत माझ्याकडं,
प्रत्येक थोडा वेगळा.
"गवा काय बोलावून येतोय व्हय?"
म्हणून दस्तगीर कूस बदलून घोरला.

सकाळी धुकं.
पाणी नाही, पलीकडचा डोंगर नाही,
हातातल्या कपाचा कानही नीट दिसेना.
दीडशे किलोमीटरची जा-ये, उसनी लेन्स, आणि समोर कोरा कागद.
तेव्हा दस्तगीर घसा खाकरून म्हणाला,
संस्थेच्या ओळखपत्राला फोटो पायजे.
पांढरी पार्श्वभूमी लागती म्हणाले.

चढाकडं पाठ करून उभा केला त्याला, ओल्या गवतात.
टोपी काढ. मान सरळ. हनुवटी खाली.
कपाळावर दव, मिशीत भाकरीचा कण,
आणि मागं, हातभर अंतरापासून आभाळापर्यंत,
सरकारी नियमात बसेल असं पांढरं.
हलू नका, म्हणालो.
तो इतका स्थिर राहिला की मीच श्वास सोडायचा विसरलो.
एकच काढला.

सोमवारी दुकानात, कॉम्प्युटरवर,
मिशीतला कण काढला. दव राहू दिलं.
डाव्या कानामागं एक काळसर डाग होता,
हात आपोआप तिकडं गेला.
किती मस, किती देवीचे व्रण पुसले असतील या बोटानं.
अर्धा पुसल्यावर थांबलो.
डागाला वर वाक होता.
मोठा करून पाहिलं. मग खुर्ची मागं सारून पाहिलं.
वाक शिंगाचा होता,
त्याखाली कपाळाची राखाडी उंची,
आणि एक डोळा, थेट माझ्याकडं,
ओळखपत्राला बसावं तसा.

पुसलेलं परत आणलं.
दस्तगीर संध्याकाळी आला, माशाच्या वासाचा.
मी बोट ठेवलं. तो बघून म्हणाला, "हां. हुता की."
माहीत होतं तुला?
"पाठीला ऊब लागली श्वासाची. वास आला."
अरे मग बोलायचं नाही का!

त्यानं पाकीट वरच्या खिशात ठेवलं, बटण लावलं.
"तुम्हीच म्हणाला न्हवं,
हलू नका."